खारी हवा आणि ॲल्युमिनियमचा जोड

[दृश्य: रबाळे एमआयडीसी, पावसाळी सकाळ. गाळ्याच्या दारातून वेल्डिंगच्या टॉर्चचा निळसर उजेड.]

निवेदन:

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, पावणे हा सगळा कारखान्यांचा पट्टा. खाडी जवळच, त्यामुळे इथली हवा दमट आणि खारी. ॲल्युमिनियम गंजत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, हे खरं. पण वेल्डिंगच्या जुन्या जोडाच्या कडेला, लोणा लागलेल्या भिंतीवर असावी तशी पांढरी भुकटी दिसते. ती नखानं खरवडली की खाली बारीक खड्डे सापडतात.

[क्लोज-अप: प्लेटवर फिरणारा ब्रश.]

ॲल्युमिनियमला जपतो तो त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा थर, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. वेल्डरला मात्र तोच आडवा येतो. धातू ६६० अंशांना वितळतो, ऑक्साइडला २००० हून जास्त अंश लागतात. म्हणून आधी ॲसिटोननं तेल पुसायचं, मग स्टेनलेसचा ब्रश मारायचा. हा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवायचा. लोखंडावर फिरलेला ब्रश इथे लावला, तर लोखंडाचे कण प्लेटमध्ये रुततात आणि खाऱ्या ओलीत त्यांच्याभोवतीच धातू खाल्ला जातो.

टिग, म्हणजे आपलं ‘आर्गॉन वेल्डिंग’. एसी करंटच्या अर्ध्या फेरीत ऑक्साइड उडतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत प्लेट तापते. बीड, म्हणजे जोडावरची धातूची रेघ, देखणी येते, पण हात सावकाश चालतो, म्हणून उष्णताही जास्त मुरते. मिगमध्ये यंत्र रिळावरची तार सतत पुढे सोडतं, म्हणून त्याला वेग आहे. मात्र तारेवर ओल धरली, तर हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जोडात भोकं राहतात. जुलैत तारेचं रीळ उघडं टाकणं परवडत नाही.

बीडकडे सगळेच बघतात. खरं दुखणं असतं तिच्या शेजारच्या, नुसत्याच तापलेल्या पट्टीत. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू आकड्यांनी ओळखतात. त्यातल्या ६०६१-टी६ ची, म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेल्या ६०६१ ची, ताकद तिथेच उतरते. २०२४ आणि ७०७५ या मिश्रधातूंमध्ये तांबं असतं. तापलेल्या पट्टीत ते धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर गोळा होतं आणि गंज त्याच वाटेनं आत उतरतो.

होड्यांसाठी वापरतात तो ५०८३, समुद्राच्या पाण्यात उत्तम टिकणारा. पण हा मिश्रधातू दीर्घकाळ ६५ अंशांच्या वर राहिला, तर त्यातलं मॅग्नेशियम कणांच्या सीमांवर साचतं आणि तिथून गंज शिरतो. याची चाचणी कडक आहे: तुकडा तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये ३० अंशांना २४ तास बुडवायचा. दर चौरस सेंटिमीटरला २५ मिलिग्रॅमहून जास्त वजन घटलं, तर त्या पत्र्याचा भरवसा धरू नये.

[दृश्य: फिरतं हत्यार दोन प्लेटींच्या सांध्यातून पुढे सरकतं.]

ब्रिटनमधल्या टीडब्ल्यूआय संस्थेनं १९९१ मध्ये फ्रिक्शन स्टर वेल्डिंग शोधलं. यात धातू वितळतच नाही. फिरतं हत्यार तो मऊ करून घुसळतं. आर्क, म्हणजे विजेची ठिणगी नाही, गोठताना पडणाऱ्या चिरा नाहीत. म्हणूनच २०२४ आणि ७०७५ ही यात जोडता येतात. तापलेली पट्टी इथेही उरते, त्यामुळे गंजाची काळजी संपत नाही, पण उष्णता कमी असते. आमच्या मते सरळ, लांब सांध्यांना याहून चांगली पद्धत नाही. प्लेटी घट्ट आवळून धरणारं अवजड यंत्र मात्र लागतं. कोपऱ्याकोपऱ्यांच्या कामाला टिग-मिगच हवं.

तिथे जोडात भरायच्या तारेची निवड महत्त्वाची. तारांनाही आकड्यांचीच नावं. रेलिंगला ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या साहाय्यानं ऑक्साइडचा थर जाड करणं, करायचं असेल, तर ४०४३ मधल्या सिलिकॉनमुळे जोड काळपट उमटतो, म्हणून ५३५६ घ्यावी. हिच्यातही मॅग्नेशियम असल्यानं हीच ५३५६ सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या ६०६१ च्या टाकीला लावू नये. तिथे ४०४३ च योग्य.