भात उफणणाऱ्यांच्या मुलांना वारा शिकवावा लागत नाही

शिक्षक मंडळी आणि पालकहो,

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. शिवारात भात, घरापुढं खळं. घरातनं बाहेर पडताना आई रोज एकच बजावायची, "तळ्याकडं जाऊ नकोस." तिची भीती खोटी नव्हती. माझ्या वर्गातला एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत खाणीतल्या पाण्यात उतरला, तो परत आलाच नाही. त्यानंतर गावानं मुलांना पाण्यापासून आणखी लांब ठेवलं. पोहायला मात्र कुणी शिकवलं नाही. मला पाणी कळलं ते नौदलात गेल्यावर. तुमच्या मुलांना इतका उशीर होऊ नये, त्यांनी शिडाची होडी चालवायला शिकावं, हे सांगायला आज उभा आहे.

1947 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी एक होडी तयार केली, ऑप्टिमिस्ट. लांबी पावणेआठ फूट, वजन 35 किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून हलकी. एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती एकेकटी चालवतात. शेजारी सूचना द्यायला कुणी मोठं बसलेलं नसतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाऱ्याचं म्हणाल तर आपली मुलं अर्धी शिकलेलीच असतात. आमची आजी सूप उचलण्याआधी मूठभर भूस वर सोडायची, ते कुठं जातं बघायची आणि मग उभं राहायची जागा ठरवायची. शिडाची होडी तिथूनच सुरू होते. समोरून वारा असला की सरळ जाता येत नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण 45 अंशांपर्यंत शीड नुसतं फडफडतं. मग तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा दुसऱ्या अंगानं तिरकं. चोर्ला घाट गाडी कशी चढते? तसंच.

आणि होडी उलटते. म्हणून सुरुवातीलाच, लाइफ जॅकेट घालून, ती मुद्दाम उलटवायला शिकवतात. नियम एकच: होडी सोडून काठाकडं पोहत सुटायचं नाही. होडीच्या पोटातून खाली गेलेली फळी असते, तिच्यावर चढायचं, काठ धरून मागं रेलायचं. शीड जड होऊन पाण्यातच अडल्यासारखं वाटतं, मग हळूहळू सुटतं आणि होडी सरळ होते. आत पाणी भरलेलं असतं, ते डब्यानं उपसायचं. पहिल्यांदा हे जमलं की मुलाचा चेहरा बघावा.

"आपल्याकडं समुद्र कुठाय?" असं विचारतात. भोपाळला तरी कुठाय? तिथल्या मोठ्या तलावावर शिकलेल्या, देवास जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं, नेहा ठाकूरनं, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं. आपल्याकडं घटप्रभेवर हिडकल धरण आहे, मलप्रभेवर नविलुतीर्थ धरण आहे. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं मी हट्ट धरणार नाही. पहिल्या धड्यांना किल्ला तलावाएवढं पाणीही पुरे. परवानगीचे अर्ज कन्नडमधून लिहावे लागतील, ते काम आम्ही काहीजण अंगावर घेतो.

शाळांकडं मागणं थोडं आहे. आधी पोहणं, मग होडी. पैसे जमले की होडीच्या आधी जॅकेटं घ्या, मुलांच्या मापाची. मुलींना "तू काठावर बस" म्हणू नका. आणि पालकहो, पहिल्या दिवशी जरूर या, पण काठावरनं हाका मारू नका. तुमचं पोर त्या वेळी गालावर वारा कुठून लागतोय ते बघत असेल.