टाकी तीच, आटे वेगळे

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे गॅस संपला की नंबर लावायचा आणि 14.2 किलोची लाल टाकी दारात येण्याची वाट पाहायची. कंपनी कुठलीही असो, रेग्युलेटर टक् करून बसतो. ही केवढी सोय आहे, हे युरोपात गाडीतच संसार थाटून फिरणाऱ्याला विचारा!

तिथेही गॅस हाच, प्रोपेन आणि ब्यूटेन. अडतं ते टाकीच्या तोंडाशी. जर्मनीतली करडी 11 किलोची टाकी फ्रान्समधला दुकानदार बदलून देत नाही, आणि फ्रान्सची टाकी स्पेनमध्ये चालत नाही. निळी कॅम्पिंगगॅझची टाकी बऱ्याच देशांत बदलून मिळते खरी, पण तिच्या 907 नंबरच्या टाकीतही गॅस असतो जेमतेम 2.75 किलो, आणि तोही महाग. दोन्ही वेळा वरणभात शिजवणाऱ्यांना ती कितीशी पुरणार?

म्हणून लांबच्या प्रवासाला निघालेले लोक गाडीत पक्की बसवलेली, पुन्हा भरता येणारी टाकी घेतात आणि मोटारींना गॅस देणाऱ्या पंपावर भरून घेतात. इटली, पोलंड, तुर्कस्तान इथे असे पंप भरपूर. मात्र पंपाच्या नळीचं तोंडही सगळीकडे सारखं नसतं. इटली, फ्रान्स, तुर्कस्तानात ‘डिश’, जर्मनी-बेल्जियमला ‘ॲकमे’, नेदरलँड्सला ‘बायोनेट’, स्पेन-पोर्तुगालला ‘युरोनोझल’. हे पितळी ॲडॅप्टर एका डब्यात घालून जवळ ठेवायचे. वॉशर जास्तीचे घ्या, तेच आधी हरवतात.

आता महत्त्वाचं. टाकी कधीही गच्च भरायची नाही. उन्हात आतला द्रव फुगतो, त्याला जागा लागते, म्हणून 80 टक्क्यांवर थांबायचं. पुन्हा भरायच्या टाकीत त्यासाठी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, साध्या टाकीत नसतो. सुटी टाकी घेऊन गेलात आणि पंपावरच्या माणसाने नकार दिला, तर हुज्जत घालू नका. त्याचं बरोबर आहे. काही ठिकाणी भरलेली टाकी उलटी टांगून, नळी लावून दुसरीत गॅस उतरवून देतात. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊच नका. किती भरला हे तिथे वजनकाट्याशिवाय कळत नाही, आणि काटा बहुधा नसतोच.

पूर्वेकडे कझाकस्तानात मोटारींच्या गॅसची ददात नाही. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या जानाओझेन शहरात त्याचा भाव 60 तेंगेवरून (तेंगे हे तिथलं चलन) 120 झाला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, इतका तो रोजच्या वापरातला. शेजारच्या उझबेकिस्तानात मात्र पाटी नीट वाचा. तिथे बऱ्याच गाड्या मिथेनवर, म्हणजे आपल्याकडच्या सीएनजीवर चालतात. तो सुमारे 200 बार दाबाने भरतात. आपली टाकी त्यासाठी बनलेलीच नाही.

मोरोक्कोत सगळ्यात सोपं. सरकारी अनुदानातला ब्यूटेन वाण्याच्या दुकानातही मिळतो. 12 किलोची टाकी वर्षानुवर्षं 40 दिरहमला होती, मे 2024 मध्ये 50 झाली. तिथे लहान टाकी आणि तिथलाच रेग्युलेटर विकत घ्यावा. फक्त हिवाळ्यात ॲटलासच्या डोंगरात मुक्काम असेल तर सकाळी चहाचं आधण चढणार नाही. टाकी हलवली तर आत डचमळतं, पण शेगडी पेटत नाही, कारण शून्याच्या आसपास ब्यूटेनची वाफच होत नाही. प्रोपेनची उणे 42 अंशांपर्यंत होते.

आपल्याकडून विमानाने जाऊन तिथे भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी टाकी नेण्याचा विचारही करू नये, रिकामीसुद्धा विमानात चालत नाही. गाडी ताब्यात घेतानाच टाकी कुठल्या देशाची आणि ती कुठे बदलून मिळेल, हे विचारून घ्या. आटे बहुतेक उलटे असतात; नेहमीसारखं फिरवाल तर सोडवायच्या ऐवजी आवळून बसाल. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. दोन टाक्या असतील तर एकच उघडा. ती संपली की दुसरी लावा, आणि त्याच दिवशी दुकान शोधायला लागा.