ट्रायलबद्दल विचारायचं ते पहिल्या केमोच्या आधी

नमस्कार, श्रोतेहो.

कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे एखादा उपचार रुग्णांना देऊन तो कितपत उपयोगी आणि सुरक्षित आहे हे तपासणाऱ्या अभ्यासाबद्दल, मला विचारणा होते ती बहुधा फार उशिरा. दोन-तीन प्रकारचं केमो होऊन गेलेलं असतं, रेडिएशन झालेलं असतं, अंगात त्राण उरलेलं नसतं. मग घरचे लोक जाडजूड फाइल पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, आता एखादी ट्रायल असेल तर बघा ना." आणि सांगावं लागतं, की तुम्हाला जुळली असती अशी ट्रायल होती, पण ती अजून एकही उपचार न झालेल्यांसाठी होती. म्हणून आजच्या बोलण्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य आधीच सांगून टाकतो. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला, की ऑपरेशनची तारीख घेण्याआधी किंवा पहिली सलाईन लागण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, "माझ्यासाठी कुठली ट्रायल चालू आहे का?" विचारलं म्हणजे तुम्ही बांधले गेलात, असं अजिबात नाही.

हा प्रश्न आता जवळच्या लहान क्लिनिकमध्येही विचारता येतो. एकच ट्रायल अनेक ठिकाणी एकाच वेळी चालते. मुख्य केंद्र एखाद्या मोठ्या संस्थेत असतं, पण औषध देणं, रक्त तपासणं, त्रास होतोय का ते बघणं ही कामं प्रशिक्षित डॉक्टर-नर्स असलेलं लहान केंद्रही करू शकतं. सगळीकडे एकच लिखित आराखडा पाळायचा असतो. मात्र तुमच्या क्लिनिकमध्ये सगळं होईलच असं धरून चालू नका. एखादी खास तपासणी, नव्या औषधाचा पहिला डोस, एखादं स्कॅन यासाठी मुख्य केंद्राकडे जावं लागू शकतं. किती वेळा जायचं, प्रत्येक वेळी किती तास मोडणार आणि सोबत कोण येणार, हे आधी घरात बोलून घ्या. माणसं ट्रायल सोडतात ती नेहमी औषधाच्या त्रासानेच सोडतात असं नाही, हेलपाट्यांनीही थकतात.

ट्रायल चालू आहे म्हणजे येईल त्याला घेतात, असंही नाही. कॅन्सर कुठला, कोणत्या टप्प्याचा, गाठीत अमुक जनुकीय बदल आहे का, आधी कोणते उपचार झाले, यकृत आणि मूत्रपिंड कसं काम करतंय, हे सगळं पाहतात. रुग्ण किती हिंडता-फिरता आहे यालाही आकडा देतात. 0 म्हणजे पूर्वीसारखाच, 4 म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. बऱ्याच ट्रायलमध्ये फक्त 0 आणि 1 वाल्यांना प्रवेश असतो. त्यामागे कारण आहे. आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला नवं औषध झेपेल की नाही हे माहीत नसतं, आणि काही बिघडलं तर ते औषधाने की आजाराने, हेही कळत नाही. तरी माझं मत विचाराल तर या अटी पुष्कळदा गरजेपेक्षा कडक असतात. वयस्कर माणसं आणि सोबत दुसरे आजार असलेले लोक बाहेर राहतात, आणि पुढे तेच औषध सर्वात जास्त त्यांनाच दिलं जातं.

आता भीतीकडे येऊ. "आमच्यावर प्रयोग करणार का?" हा प्रश्न मला मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 पासून 1972 पर्यंत सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना आजार काय आहे हे न सांगता नुसतं पाहत राहिले. पेनिसिलीन आलं, ते गुणकारी ठरलं, तरी त्यांना दिलं नाही. आज कुठल्याही ट्रायलला आधी नैतिकता समितीची परवानगी लागते, रुग्णाची लेखी संमती लागते, आणि कुठल्याही दिवशी कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो. हे नियम अशा काळ्या अनुभवांतून आलेले आहेत. तेव्हा संशय घ्या, प्रश्न विचारा. तुमच्या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरच्या ट्रायलमध्ये मी तरी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

ट्रायल म्हणजे नवं, जहाल औषध, हीही समजूत अर्धीच खरी. स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक दशकं संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकण्याची पद्धत होती. जेवढं जास्त कापाल तेवढी बाई वाचेल, अशी सर्जनांची श्रद्धा होती. 1970 च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्टो वेरोनेसी या सर्जनांनी विचारलं, की फक्त गाठ किंवा तेवढा भाग काढून रेडिएशन दिलं तर? हजारो स्त्रिया या ट्रायलमध्ये आल्या. कुणावर कोणती शस्त्रक्रिया होणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं, आणि ते मान्य करायला किती धीर लागला असेल याचा विचार करा. 2002 मध्ये दोघांचेही वीस वर्षांचे निकाल आले. आयुष्यमानात फरक नव्हता. फिशर यांच्या अभ्यासात एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली. नुसती गाठ काढलेल्यांत त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण 39 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि रेडिएशन जोडल्यावर ते 14 टक्क्यांवर आलं. आज असंख्य स्त्रियांचा स्तन वाचतो तो या उत्तरामुळे.

याच्या नेमकी उलटी गोष्टही घडली. 1990 च्या दशकात स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी प्रचंड डोसचं केमो आणि त्यानंतर रुग्णाच्याच, आधी काढून ठेवलेल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी परत देणं, हा उपचार गाजू लागला. ऐकायला तर्कशुद्ध होता, म्हणून हजारो स्त्रियांनी तो ट्रायलच्या बाहेर घेतला. बाहेर मिळतंय तर ट्रायलमध्ये जाऊन चिठ्ठीवर कशाला सोडा? त्यामुळे ट्रायलना रुग्ण मिळेनात आणि उत्तर यायला वर्षानुवर्षं लागली. 1999 मध्ये मोठ्या ट्रायलचे निकाल जाहीर झाले, तेव्हा नेहमीच्या केमोपेक्षा आयुष्य वाढत नव्हतं. फायदा दाखवणारा एक अभ्यास होता, पण पुढच्याच वर्षी त्यातली माहिती खोटी असल्याचं उघड झालं. तोपर्यंत कितीतरी जणींनी तो जीवघेणा त्रास सोसला होता, काही जणी उपचारानेच गेल्या.

म्हणून ट्रायलचं माहितीपत्रक हातात आलं की पहिलं शोधायचं ते हे: ही ट्रायल नेमका कोणता प्रश्न विचारते आहे? पहिल्या टप्प्याच्या ट्रायलचा प्रश्न असतो, या औषधाचा किती डोस माणसाला झेपतो? थोडे रुग्ण असतात, डोस हळूहळू चढवतात. इथे गाठ लहान होईल ही आशा ठेवायला हरकत नाही, पण ट्रायल त्यासाठी आखलेली नसते, हे डॉक्टरांनी स्पष्ट बोलायला हवं आणि पुष्कळदा ते बोलत नाहीत. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब हे औषध 1998 मध्ये पहिल्या टप्प्यात आलं आणि पुरेसा डोस मिळालेल्या 54 पैकी 53 जणांचं रक्त पूर्ववत झालं. असं क्वचित होतं. दुसऱ्या टप्प्यात औषधाचा आजारावर परिणाम होतो का ते पाहतात. तिसऱ्यात प्रश्न असतो, सध्याच्या उत्तम उपचारापेक्षा हे बरं आहे का? इथे रुग्णांचे गट पडतात आणि कोण कुठल्या गटात जाणार ते संगणक ठरवतो. तुमची ओळख तिथे चालत नाही, डॉक्टरांचीही नाही.

"मला खोटी गोळी देतील का?" कॅन्सरमध्ये चांगला उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती औषध नसलेली गोळी देत नाहीत. बहुतेक वेळा नेहमीचा उपचार दोन्ही गटांना मिळतो, आणि एका गटाला त्यावर नवं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधाविना गोळी असते. ज्या स्थितीत एरवी नुसतंच लक्ष ठेवतात, तिथे एका गटाला नुसती अशी गोळीही असू शकते. तुमच्या ट्रायलमध्ये काय आहे ते पत्रकात लिहिलेलं असतंच.

पैशांचंही सरळ विचारा, संकोच नको. नवं औषध आणि ट्रायलपुरत्या जादा तपासण्या सहसा ट्रायल चालवणारे देतात. पण नेहमीच्या उपचाराचा खर्च, प्रवास, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, कागदावर दाखवा म्हणा. संमतीपत्र घरी न्या, आणि घरातल्या सर्वात चिकित्सक माणसाला वाचायला द्या.

आणि एक अगदी साधी गोष्ट. बायोप्सी किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळा जपून ठेवते. त्याला ब्लॉक म्हणतात. बऱ्याच ट्रायलमध्ये प्रवेशाआधी त्या ब्लॉकवर जनुकीय तपासणी करायची असते, आणि तो मिळाला नाही तर पुन्हा सुई टोचून घ्यायची वेळ येऊ शकते. तेव्हा रिपोर्टच्या कागदावर प्रयोगशाळेचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक आहे ना ते पाहून ठेवा, आणि क्लिनिकमध्ये जाताना आधीच्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस आणि तारीख असलेला कागद बरोबर न्या. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख तर हवीच, कारण पुष्कळ ट्रायलमध्ये त्यानंतर काही आठवडे जावे लागतात.

नमस्कार.