रांग थांबवणारा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

१४ सप्टेंबर २००७ रोजी ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. बँकेने मध्यवर्ती बँकेकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी आदल्या रात्री फुटली होती. ठेवींना संरक्षण होतं, पण पूर्ण संरक्षण पहिल्या २,००० पौंडांनाच. पुढच्या ३३,००० ला ९० टक्के. त्या रांगेतल्या माणसांना घाबरट म्हणू नका. बँक आपले पैसे कपाटात ठेवत नाही, ते वर्षानुवर्षांच्या कर्जांत गुंतलेले असतात. सगळे एकदम आले तर धडधाकट बँकही देऊ शकत नाही. मग दुसरे काढतायत म्हटल्यावर आपणही धावायचं, यात चूक काय?

तीन दिवसांनी अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी जाहीर केलं की तिथल्या ठेवींची हमी सरकार घेतंय. रांगा ओसरल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारने ती बँकच ताब्यात घेतली.

म्हणजे सरकारच्या शब्दात ताकद असते. पण तो शब्द कुणाकुणासाठी द्यायचा? माझ्या मते खरी कसोटी इथे लागते. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस, लेमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक कोसळून दोन आठवडे झाले असताना, आयर्लंडने रातोरात आपल्या सहा बँकांची हमी घेतली. नुसत्या ठेवींची नव्हे, बँकांचे रोखे घेतलेल्या, म्हणजे बँकांना व्याजाने पैसे दिलेल्या गुंतवणूकदारांचीही. हमीचा आकडा होता सुमारे ४४० अब्ज युरो, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त! ठेवीदारांना वाचवणं योग्यच होतं. पण चढ्या व्याजासाठी जोखीम पत्करलेल्यांचं नुकसान करदात्यांनी का भरावं? २०१० मध्ये आयर्लंडला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. पगारकपात आणि करवाढ सोसली ती बँकेच्या कारभाराशी काडीचा संबंध नसलेल्यांनी.

आइसलँडने ऑक्टोबर २००८ मध्ये देशातल्या ठेवी नव्या बँकांत हलवल्या आणि परदेशी धनकोंना तोटा सोसू दिला. लोक त्याला धैर्य म्हणतात. मला वाटतं, बँका देशाच्या मानाने इतक्या फुगल्या होत्या, की दुसरी वाटच नव्हती. पैसा देशाबाहेर नेण्यावरचे निर्बंध तिथे २०१७ पर्यंत रेंगाळले.

आता तर रांगही दिसत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, बरेचसे फोन आणि संगणकावरूनच. कायद्याने विमा होता २,५०,००० डॉलरपर्यंत. रविवारी संध्याकाळी सरकारने त्यावरच्या ठेवीही सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. रोखेधारकांना मात्र या वेळी वगळलं.

नमस्कार.