टूथपेस्ट हा मराठी शब्द आहे

मंडळी, आजचा विषय ‘टूथपेस्ट या शब्दाचं कुळ आणि वापर’ असा छापलाय. कुळाकडे मी येणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला कित्येक वर्षं सलते आहे.

आमच्या तालुक्यात दातांच्या आरोग्यावर एक पत्रक काढायचं होतं. मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘लहान मुलांना वाटाण्याएवढी टूथपेस्ट द्या, दात घासून झाले की थुंकायला लावा.’ तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी, हेही लिहिलं. पत्रक छापून आलं तेव्हा त्यात टूथपेस्ट नव्हतीच. कुणीतरी शुद्ध मराठी केली होती आणि प्रत्येक ठिकाणी ‘दंतलेप’ बसवला होता.

मग गावात एक मावशी भेटल्या. साठीच्या पुढच्या, अक्षरओळख असलेल्या. पत्रक त्यांनी मन लावून वाचलं होतं. मला म्हणाल्या, “दादा, ह्यो लेप किती वेळ ठिवायचा? नातवाच्या दातांना लावून बसवलं, तर ते पोरगं गिळायलाच लागलं.”

तुम्ही हसलात, पण मावशींचं काही चुकलं नव्हतं. लेप म्हणजे काय? हळदीचा, चंदनाचा, मुरगळलेल्या पायावर आंबेहळदीचा. तो लावायचा आणि वाळेपर्यंत हलायचं नाही. शिवाय मावशींची सारी हयात मिशेरीत गेलेली. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना लावून दारात बसायचं. नीट ऐका, मिशेरी ‘लावतात’. राखुंडीने मात्र दात ‘घासतात’. चूळ ‘भरतात’. आपल्याकडे दातांच्या प्रत्येक वस्तूला तिचं क्रियापद आहे आणि ती वापरायची कशी, ते त्या क्रियापदातच सांगितलेलं असतं. ‘लेप’ म्हटल्याबरोबर मावशींच्या हाताने ‘लावणं’ उचललं. ‘पेस्ट’ लिहिलं असतं तर त्यांनी पोराला घासायलाच लावलं असतं, कारण पेस्ट त्यांच्याही घरात होती. मुलांनी थुंकायची ती फ्लोराइडची पेस्ट एका शब्दापायी पोटात गेली, याचा मला राग येतो. अजून येतो.

(मिशेरीवरून आठवलं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 साली केंद्र सरकारने बंदी केली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? तिथे समजावूनच सांगावं लागतं, आणि ते त्या बाईच्या शब्दांत.)

शब्दाचा अर्थ वापरणारा ठरवतो, हे मी मनचं सांगत नाही. बैद्यनाथचं लाल दंतमंजन आठवतं ना? ते औषध की रोजची प्रसाधनाची वस्तू, यावर कंपनी आणि नागपूरचं केंद्रीय उत्पादन शुल्क खातं वर्षानुवर्षं भांडत होते, कारण त्यावर कर ठरत होता. कंपनीचं म्हणणं, घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आहेत. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं, जे आधीही सांगितलं होतं: सामान्य माणूस बोलताचालताना त्या वस्तूला काय समजतो ते पाहा. तो सकाळी दात घासायला घेतो, म्हणून ते औषध नव्हे. न्यायालयाने निकाल दिला तो आपल्या मोरीत डोकावून!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. कुळ उरकतो.

‘टूथ’ परका वाटतो, पण तो आपल्या दाताचा चुलत भाऊ आहे. आपल्या ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: दोन–टू, दहा–टेन, दात–टूथ. मूळ शब्दात ‘न’ होता. संस्कृतात तो ‘दन्त’मध्ये आहे, जर्मन ‘त्सान’मध्ये आहे. इंग्रजीने तो गाळला, आणि मराठीनेही ‘दात’ म्हणताना गाळला. दोघींनी स्वतंत्रपणे, हजारो मैलांवर! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. ‘पेस्ट’ मूळची ग्रीक, इटलीच्या पास्त्याची सख्खी. म्हणून आलं-लसणाचीही पेस्ट होते आणि स्वयंपाकघरात कुणाचा घोटाळा होत नाही.

आणि कोलगेट. 1873 साली ती बरणीत विकली जायची, 1896 साली ट्यूबमध्ये आली. आपल्याकडे ते नावच वस्तूचं झालं. दुकानात ‘एक कोलगेट द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, ‘कुठलं?’ बघा, कुठ‘लं’! पेस्ट संपली, पण कोलगेट संपलं. मला वाटतं, कोलगेट मंजनाच्या जागेवर येऊन बसलं आणि मंजनाचं नपुंसकलिंगही त्याने घेतलं. पण माझ्या कानावर माझा एकट्याचा भरवसा नाही. खानदेशातले, कोकणातले, वऱ्हाडातले लोक इथे बसलेत. तुमच्या घरी कोलगेट संपतं, संपते की संपतो, ते जाताना मला सांगून जा. मी दाराशी वही घेऊन उभा आहे.