चार इयत्ता, एक गुरुजी

नमस्कार, श्रोतेहो. साताऱ्याकडच्या एखाद्या डोंगरवाडीत पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजोबांना विचारा, तुमची शाळा कुठं भरायची? बऱ्याचदा उत्तर येईल, "देवळात." नाहीतर चावडीत. जागा एक, गुरुजी एक आणि पहिली ते चौथीची सगळी पोरं. या शाळांना लोक व्हॉलंटरी शाळा म्हणायचे, म्हणजे सरकारनं नव्हे, संस्थांनी चालवलेल्या शाळा.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! इंग्रजी मुलखातल्या वाड्यांपर्यंत मात्र शाळा पोचतच नव्हती.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि अशा शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती संधी सोडली नाही. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेनं साताऱ्यात १९३५ सालीच गुरुजी घडवणारं विद्यालय काढलं होतं. पुढे संस्थेच्या ५७८ व्हॉलंटरी शाळा झाल्या.

एका खोलीत चार इयत्ता चालायच्या कशा? पहिलीला पाटीवर अक्षर गिरवायला द्यायचं, दुसरीला पाढे म्हणायला लावायचे, तेवढ्यात तिसरीचं गणित फळ्यावर मांडायचं आणि चौथीतलं एखादं चुणचुणीत पोर पहिलीजवळ बसवायचं. पाढ्यांचा आवाज थांबला की गुरुजींची मान तिकडे वळायचीच. चौथीचा धडा तिसरीच्या कानावर वर्षभर आधीच पडलेला असायचा. मला या शाळेची खरी ताकद त्यातच दिसते. जमीन सारवायची पाळी मात्र पोरींवरच यायची, हेही सांगायला हवं.

स्वातंत्र्यानंतर या शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करायचा विचार शासनानं पुढे आणला. पट कमी, खर्च जास्त, हा हिशेब मला कळतो. पण पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या शाळेत सहा वर्षांचं लेकरू धाडायला आईचा जीव धजत नाही, आणि पटावरून आधी उतरतं ते मुलीचं नाव.

तुमच्या गावच्या शाळेत जुनं दाखल-खारीज रजिस्टर असेल. त्यात पहिल्या मुलीचं नाव कोणत्या साली लागलं, ते गुरुजींना विचारून जरूर बघा. आणि वाळवी लागण्याआधी त्या पानांचे फोटो काढून ठेवा.