त्बिलिसीजवळचे मठ आणि गोव्यात सापडलेली राणी

नमस्कार मंडळी. आज जॉर्जियाला जायचंय, अमेरिकेतलं नव्हे हां, काकेशस डोंगरातलं, राजधानी त्बिलिसी. हल्ली आपली कितीतरी मुलं तिकडे मेडिकलला असतात आणि दुबईतली आपली मराठी मंडळी तर जरा लांब सुट्टी मिळाली की तिकडचंच विमान पकडतात, त्यामुळे बर्फाचे फोटो आणि ती चीज-अंडं घातलेली होडीसारखी रोटी सगळ्यांनी बघून झालीय. मला बोलायचंय तिथल्या मठांबद्दल. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे जुने मठ, राजधानीपासून तासा-दोन तासांवर, आणि यातले बरेचसे अजून चालू आहेत. चालू म्हणजे तिथे साधू राहतात, प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात. म्युझियम नाहीये ते, हे आधीच सांगून ठेवतो.

तर पहिलं गाव म्त्सखेता. त्बिलिसीच्या आधी हीच राजधानी होती. शहरातल्या दिदुबे स्टँडवरून मार्शुत्का मिळते, मार्शुत्का म्हणजे आपली वडाप समजा, भरली की निघते, अर्ध्या तासात पोचवते. गावासमोरच्या टेकडीवर जो मठ आहे त्याचं नाव ज्वारी. हसू नका. वर जायला मात्र टॅक्सीच करा, रस्ता फिरून जातो. चौथ्या शतकात संत निनो नावाच्या बाईंनी इथल्या मिरियान राजाला ख्रिश्चन केलं आणि या टेकडीवर मोठा लाकडी क्रूस उभा राहिला, त्याच जागी सहाव्या शतकाच्या शेवटाला हे दगडी चर्च बांधायला घेतलं. आत फार काही नाही, मधोमध त्या क्रूसाचा दगडी चौथरा आणि उघड्या भिंती. पण बाहेर कठड्यापाशी उभं राहिलं की खाली अराग्वी आणि मत्क्वारी या दोन नद्या मिळताना दिसतात, दोघींचं पाणी वेगळ्या रंगाचं, आणि संगमावर अख्खं म्त्सखेता.

खाली गावात स्वेतित्स्खोवेली. जीभ वळत नसेल तर नुसतं मोठं चर्च म्हणा, टॅक्सीवाल्याला कळतं. आत्ताची इमारत 1010 ते 1029 मधली, अर्सुकिद्झे नावाच्या स्थपतीनं बांधलेली. उत्तरेकडच्या भिंतीवर वर बघा, एक कोरलेला हात दिसेल, हातात बांधकामाचं हत्यार. लोक सांगतात त्याचा हात राजानं तोडला, मत्सरापोटी. आता जगात जिथे जावं तिथे कारागिराचा हात तोडलेलाच असतो, ताजमहालापासून ऐकतोय मी, एखाद्याला कधी नीट बिदागी देऊन घरी पाठवलं अशी गोष्ट का नाही सांगत कोण! असो. इथे जॉर्जियाच्या राजांचे राज्याभिषेक झाले, राजे पुरलेही इथेच, आणि येशूचा अंगरखा या चर्चखाली पुरलाय अशी श्रद्धा आहे. म्त्सखेतातली ही सगळी स्मारकं 1994 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

कपड्यांचं सांगतो, लक्ष द्या. बायकांनी डोकं झाकायचं आणि पुरुषांनी हाफपँट घालून आत जायचं नाही. ओढणी चालते, पंजाबी ड्रेस उत्तम. दाराशी बहुतेक ठिकाणी रुमाल आणि कमरेला गुंडाळायचे स्कर्ट ठेवलेले असतात, पण ते किती जणांनी गुंडाळलेत देव जाणे, स्वतःची ओढणी न्या. परत सांगतो, ओढणी न्या, हाफपँट नको. आणि बसायला बाकं नसतात, प्रार्थना उभ्यानं, गुडघे दुखणाऱ्यांनी थोडं बाहेरच्या पायरीवर टेकावं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. या मठांत फिरताना तुम्हाला एका राणीचं चित्र दिसेल, डोक्यावर मुकुट, हातात क्रूस. केतेवान तिचं नाव. काखेती राज्याची राणी. काखेती म्हणजे त्बिलिसीच्या पूर्वेचा द्राक्षांचा मुलुख. शेजारी इराणचा शाह अब्बास, आणि मुलगा तेइमुराझ गादीवर. शाहची स्वारी येणार असं दिसल्यावर 1614 साली ही बाई स्वतः बोलणी करायला गेली, आणि शाहनं तिला ठेवूनच घेतलं. दोन नातूही त्याच्याच ताब्यात, त्यांचे तर फार हाल झाले. राणी शिराझमध्ये जवळजवळ दहा वर्षं नजरकैदेत. शेवटी तिला सांगितलं, धर्म बदल. ती नाही म्हणाली. मग 1624 मध्ये तापलेल्या लोखंडानं छळ करून तिला मारलं.

आता बघा काय झालं. त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज पाद्री होते, ऑगस्टिनियन पंथाचे. राणी ऑर्थोडॉक्स, हे कॅथलिक, एरवी या दोघांचं फारसं सख्य नाही, पण त्यांनी गुपचूप तिचे अवशेष काढून घेतले. काही भाग मुलाकडे जॉर्जियात पोचवला, तो काखेतीतल्या अलावेर्दी मठात ठेवला गेला. आणि उजवा हात कुठे गेला? गोव्याला! आपल्या गोव्याला, जुन्या गोव्यात, 1627 मध्ये. मोन्ते सांतो टेकडीवर त्यांचा प्रचंड मठ होता, तिथे ठेवला.

जुन्या गोव्याला तुम्ही गेलाच असाल. बॉम जेझुस झालं, से कॅथेड्रल झालं, मग सगळ्यांना माशाची थाळी आठवते आणि गाडी पणजीला. जरा टेकडी चढा की हो! वर जांभ्या दगडाचा एक उंचच उंच अर्धा मोडका मनोरा एकटा उभा आहे, तोच तो मठ. पोर्तुगीज सरकारनं 1835 मध्ये मठ बंद पाडला, 1842 मध्ये चर्चचं छप्पर कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. राणीचा हात त्या ढिगाऱ्याखाली.

जॉर्जियाचे लोक विसरले नव्हते. 1989 पासून, म्हणजे सोव्हिएत असल्यापासून, त्यांची पथकं गोव्यात येऊन शोधत होती, आपल्या पुरातत्त्व खात्याबरोबर. पोर्तुगीज कागदात जागा लिहिलेली होती, मठाच्या सभागृहाच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. पण छप्पर पडल्यावर कुठली खिडकी आणि कुठली भिंत! शेवटी 2004 मध्ये ते चॅपेल आणि ती खिडकी सापडली. पेटी नव्हती. जवळच हाताचं एक लांब हाड मिळालं आणि आणखी दोन तुकडे.

हे हाड राणीचं की एखाद्या पाद्र्याचं, सांगणार कोण? तर हाडं गेली हैदराबादला, सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी डीएनए काढला. शेकडो वर्षं गोव्याच्या पावसात भिजलेल्या हाडातून, मंडळी! आईकडून मुलांत उतरतो ना, तो डीएनए. दोन तुकडे निघाले इकडच्या लोकांशी जुळणारे. तिसऱ्यात यू-वन-बी नावाचा गट आला, आणि हा गट आपल्याकडे हजारो लोक तपासूनही सापडलेला नाही, जॉर्जियात मात्र आहे. 2013 मध्ये जाहीर झालं, हे अवशेष केतेवान राणीचेच असावेत.

पुढे 2017 मध्ये आपण ते तात्पुरते तिकडे पाठवले. दर्शनाला लोटलेली गर्दी ओसरेना, म्हणून मुक्काम वाढवून द्यावा लागला. आणि मग जुलै 2021 मध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः त्बिलिसीला गेले आणि अवशेषांचा एक भाग कायमचा भेट देऊन आले. मला विचाराल तर अशा कामाला आपल्या पेपरांनी पहिलं पान द्यायला हवं होतं, कुठल्या नटाच्या लग्नाला देतात तेवढी तरी जागा. तिकडे तिला संत मानतात, 26 सप्टेंबरला तिचा दिवस असतो.

म्हणून म्हणतो, एखाद्या मठात तिची तसबीर दिसली तर तिथल्या म्हातारीला नुसतं गोवा म्हणून बघा, पुढे भाषा येत नसली तरी चालेल.

अरे, घड्याळ पळतंय. दोन मठ राहिलेत, भराभर सांगतो. म्त्सखेताच्या पुढे शिओ-म्घ्विमे, सहाव्या शतकातला, चुनखडीच्या कड्यात खोदलेल्या गुहा, संत शिओ तिथे एका खड्ड्यात राहिले म्हणतात. बस जात नाही, टॅक्सी थांबवून ठेवा. आणि दुसरा दाविद गारेजा, अझरबैजानच्या हद्दीवर, झाड नाही की झुडूप नाही, डोंगरात कोरलेला मठ. आपल्या लेणी बघितलेल्या माणसाला फार आवडेल. इथेही तोच शाह अब्बास, त्याच्या सैनिकांनी ईस्टरच्या रात्री इथल्या साधूंची कत्तल केली असं परंपरा सांगते. हद्दीच्या वादामुळे वरच्या गुहा 2019 पासून बंद आहेत, खालचा मठ बघता येतो. वाटेत दुकान नाही, पाणी घरूनच न्या. उन्हाळ्यात तिथे विषारी साप निघतात, चपला नकोत, बूट घाला, आणि पोरांना दगडांत हात घालू देऊ नका. बरं, बातम्यांची वेळ झाली, येतो मी. नमस्कार.